सुंता : गरज कोणाला, घाई कोणाला

अकोला-वाशिम रस्त्यावरचं मालेगाव हे वाशिम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आजूबाजूला सोयाबीन आणि तुरीची शेतं. इथल्या सर्जनच्या ओपीडीत लागोपाठ दोन रुग्ण आले, असं समजू. पहिला साडेतीन वर्षांचा. तपासणीच्या कागदावर ‘फायमोसिस’, म्हणजे लिंगाची पुढची कातडी मागे न सरकणं, असं लिहून आलेलं, आईचा चेहरा उतरलेला आणि बापाने ऑपरेशनसाठी पैशांची जुळवाजुळवही केलेली. दुसरा पंचावन्न वर्षांचा शेतकरी. दहा वर्षांपासून मधुमेह, लिंगाच्या टोकाच्या कातडीला भेगा, लघवी करताना आग आणि वर्षभर मेडिकलमधून आणलेली नाना मलमं. पोराला शस्त्रक्रियेची गरज नाही, पण घरचे तयार आहेत. शेतकऱ्याला गरज आहे, पण ‘सुंता’ ऐकताच तो खुर्चीवरून उठतो. ‘आमच्यात हे करत नाई, साहेब.’

या उलट्या कारभारावर दोघांचा वाद चालला आहे. एक, अकोल्याहून आठवड्यातून एकदा मालेगावला येणारे सर्जन. दुसरे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक, मुस्लिम घरातले. डॉक्टर एकेकाळी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे सर अजूनही त्यांना ‘तू’ म्हणतात. ही दोन्ही माणसं कल्पनेतली आहेत. त्यांच्या तोंडचे दाखले मात्र खरे आहेत.

‘तुझा शेतकरी घाबरला तो नावाला,’ सर म्हणतात. ‘आपल्या देशात सुंता म्हटलं की आधी माणसाचा धर्म डोळ्यांसमोर येतो. दंगलीत कपडे उतरवून माणसं ओळखली गेली, हे आपण वाचलंय. त्यामुळे आजार अंगावर काढीन, पण ही खूण अंगावर नको, असं त्याला वाटतं. पण मराठी मुलखात ही खूण एकट्या मुसलमानांची कधी होती? अलिबाग-पनवेलकडचे बेने इस्राएली पिढ्यानपिढ्या मराठी बोलत आले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. मुलगा आठ दिवसांचा झाला की त्यांच्याकडे सुंता व्हायची. इजिप्तमध्ये सक्काराच्या थडग्यात तर चार हजार वर्षांहून जुनं कोरीव चित्र आहे, सुंतेचंच.’

‘प्रथा जुनी आहे हे मान्य, सर. पण समोर मूल बसलेलं असतं तेव्हा मी एवढंच बघतो की त्याला आजार आहे का. त्या साडेतीन वर्षांच्या पोराला तो नव्हता.’

‘कागदावर तर होता.’

‘कागदावर शंका होती. जन्मतः पुढची कातडी आणि तिच्या आतला भाग एकमेकांना चिकटलेलेच असतात. हरभऱ्याचा कोवळा घाटा ओढून सोलला तर दाणा चेचतो, वाळला की तो आपणहून सुटतो, तसंच हे आहे. केंब्रिजचे बालरोगतज्ज्ञ डग्लस गेअर्डनर यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशेब मांडला. पहिल्या वाढदिवसाला निम्म्या मुलांची कातडी मागे सरकते, तिसऱ्या वर्षापर्यंत दहातल्या नऊ जणांची. पुढे १९६८ मध्ये डेन्मार्कच्या याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलं वर्षानुवर्षं तपासली. सतराव्या वर्षाच्या सुमारास शंभरात जेमतेम एकाची कातडी घट्ट राहिलेली होती. म्हणजे वाट पाहणं हासुद्धा उपचार आहे.’

सर मान हलवतात, पण पाठ सोडत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडी आणि एकदा शाळा तपासतात. हर्निया, हृदयातलं छिद्र, खाली न उतरलेलं वृषण असे कितीतरी दोष त्यामुळे वेळेत सापडतात. मग अशाच पथकाने पोराच्या कागदावर लिहिलेलं खोडायचं का?

‘खोडायचं नाही, पुढे तपासायचं. पथकाचं काम शंका लिहिण्याचं आहे आणि ते त्यांनी चोख केलं. निदान माझ्याकडे व्हायला हवं. टोकाशी पांढरट, कडक वलय आलं असेल, कातडी जाड होऊन चिरत असेल, तर तो खरा फायमोसिस. त्यामागे बहुधा लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार असतो आणि त्यात सुंता हाच नेमका उपाय. वारंवार सूज येऊन पू होत असेल, किंवा लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तरी मी सुंता सुचवतो. पण लघवी करताना टोक थोडं फुगतं, एवढ्यावर चाकू काढायचा नाही. बीटामेथासोनचं मलम दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे. बहुतेक पोरांचं काम तेवढ्यावर भागतं.’

आणखी एक गोष्ट डॉक्टर आयांना बजावून सांगतात. आंघोळीच्या वेळी कातडी जोर लावून मागे ओढायची नाही. ओढली की बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण होतात आणि नसलेला आजार तयार होतो. मागे सरकलेली कातडी पुढे आलीच नाही, तर टोक सुजतं आणि रक्तपुरवठा अडतो. त्याला पॅराफायमोसिस म्हणतात. तेव्हा सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

‘एक केस मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो,’ डॉक्टर म्हणतात. ‘कॅनडातल्या विनिपेगची, १९६६ सालची. जुळे भाऊ, आठ महिन्यांचे, दोघांनाही फायमोसिस आहे असं सांगितलेलं. पहिल्याची सुंता विजेच्या कॉटरीने करताना लिंग इतकं भाजलं की ते वाचलंच नाही. त्याला मुलगी म्हणून वाढवलं गेलं. पुढे तो डेव्हिड रायमर या नावाने पुरुष म्हणून जगला आणि २००४ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. त्या अपघातानंतर दुसऱ्या भावाला टेबलावर घेतलंच नाही. त्याचा फायमोसिस आपोआप गेला.’

थोडा वेळ दोघंही गप्प राहतात. मग सर आपली बाजू मांडायला घेतात, आणि ती हलकी नाही.

‘तू एका मुलाकडे बघतोस, मी गावाकडे बघतो. पुण्याचा अभ्यास तुला माहीत आहेच.’

डॉक्टरांना तो माहीत आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९३ ते २००० या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या २,२९८ पुरुषांचा पाठपुरावा केला. सुरुवातीला यांपैकी कोणालाच एचआयव्ही नव्हता. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आला. सुंता झालेल्यांमध्ये एचआयव्हीची नवी लागण सुमारे सहापट कमी होती.

‘त्यात मला भावलं ते वेगळंच,’ सर सांगतात. ‘लोक म्हणतील, सुंता झालेले बहुतेक मुसलमान, त्यांची वागणूक वेगळी असेल, म्हणून लागण कमी. पण तसं असतं तर परमा आणि गरमीही त्यांच्यात कमी दिसायला हवे होते. तो फरक दिसलाच नाही. फरक फक्त एचआयव्हीत होता. म्हणजे कारण शरीरातच असणार. कातडीच्या आतल्या पातळ अस्तरात विषाणू ज्यांना चिकटतो अशा पेशी असतात. अस्तर गेलं की ती वाटही बंद झाली. मग आफ्रिकेत तीन मोठे प्रयोग झाले. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज फार्मचे निकाल आले, २००७ मध्ये केनियातल्या किसुमूचे आणि युगांडातल्या राकाईचे. स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण निम्म्याने, कुठे ६० टक्क्यांनी घटली. फायदा इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीआधी थांबवून उरलेल्या पुरुषांनाही सुंतेची सोय दिली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली.’

‘शिफारस कोणासाठी केली, सर? जिथे प्रौढांमध्ये लागण खूप जास्त होती आणि सुंता कमी होती, अशा पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेसाठी. तिथे दोन कोटींहून जास्त पुरुषांनी स्वतः होऊन ती करून घेतली आणि ते योग्यच झालं. आपल्याकडे लागण प्रौढांमध्ये ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. पुण्याच्या अभ्यासात सुंता झालेले दोनशेच्या आत होते, हेही लक्षात घ्या. शिवाय सुंता झालेल्यालाही निरोध लागतोच. “माझी झालीय, मला काही होत नाही” असं म्हणणारा पुरुष स्वतःलाही फसवतो आणि बायकोलाही.’

‘कॅन्सरचं काय मग? मुंबईत १९६३ मध्ये देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. लिंगाचा कर्करोग मुसलमानांत हिंदूंपेक्षा खूपच कमी, हे तिथल्या डॉक्टरांनी तेव्हापासून नोंदवलंय.’

‘खरं आहे. पण त्याची कारणं तपासली की बोट पुन्हा फायमोसिसकडेच जातं. न उघडणारी कातडी, आत साचणारा मळ, जुनाट सूज, एचपीव्ही विषाणू, तंबाखू. ज्याची कातडी नीट मागे जाते आणि जो रोज पाण्याने धुतो, त्याचा धोका फार कमी. उलट पन्नाशीत ज्याची कातडी बंद झाली, तो आतली जखम बघूच शकत नाही. म्हणून मला त्या साडेतीन वर्षांच्या पोरापेक्षा त्या शेतकऱ्याची जास्त काळजी वाटते.’

इथे दोघांचे रस्ते पहिल्यांदा एकत्र येतात.

मधुमेहात लघवीतून साखर जाते. कातडीखाली ओल राहते, बुरशी वाढते, चिरा पडतात. चिरा भरताना व्रण होतो आणि कातडी आणखी आवळते. त्यात भर पडली नव्या गोळ्यांची. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात. हृदयाला आणि किडनीला त्यांचा मोठा फायदा आहे, पण बुरशीचा त्रासही वाढतो. २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, किंमत उतरली आणि ही गोळी खेड्यातल्या चिठ्ठीवरही दिसू लागली. गोळी देताना ‘खालची जागा रोज धुवा, कोरडी ठेवा, खाज आली तर लगेच सांगा’ एवढं प्रत्येकाला सांगितलंच जातं असं नाही. नुसत्या भेगांनी सुंतेला आलेला माणूस कधी कधी पहिल्यांदाच साखर तपासतो आणि त्याचा मधुमेह तिथेच उघडकीला येतो.

‘तो शेतकरी तुला काय म्हणाला?’

‘आमच्यात करत नाई, म्हणाला.’

‘मी बोलतो त्याच्याशी. त्याचा मोठा पोरगा माझ्या वर्गात होता. ॲपेंडिक्स काढताना कोणी जात विचारत नाही, मग इथे कशाला आणायची?’

डॉक्टरांना हे मनापासून पटतं. पण सरांनी शेतकऱ्याला लावलेला नियम ते सरांच्या घरालाही लावतात. सरांच्या पाच वर्षांच्या नातवाचा खतना, म्हणजे सुंता, ठरला आहे, त्यावरून.

‘त्याला आजार नाही, सर. बारा-चौदा वर्षांचा होऊ द्या, त्यालाच विचारा.’

‘आमच्याकडे हा आजाराचा प्रश्नच नाही. हनफी पंथाचे त्याला सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, मानतात, शाफई पंथाचे वाजिब, म्हणजे बंधनकारक. कुराणात उल्लेख नाही, हदीसमध्ये आहे. हे पाळून मूल आपल्या माणसांत सामील होतं. आईबाप मुलाच्या वतीने कितीतरी गोष्टी ठरवतात. कान टोचतात, जावळ काढतात, लस देतात. चौदाव्या वर्षी केलं तर त्रास जास्त, लाजही जास्त. आणि कायद्याचं म्हणशील तर केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बंदीची याचिका फेटाळली. जर्मनीत २०१२ साली कोलोनच्या न्यायालयाने याला शारीरिक इजा ठरवलं होतं, पण त्याच वर्षाच्या शेवटी तिथल्या संसदेने आईबापांना परवानगी देणारा कायदा केला.’

‘लस रोग टाळते, कानाचं भोक बुजतं. हे परत येत नाही,’ डॉक्टर म्हणतात. ‘संमतीकडे मी किती गांभीर्याने बघतो ते सांगतो. जून २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात पायाच्या जखमेसाठी नेलेल्या नऊ वर्षांच्या मुलाची सुंता झाली, अशी पालकांनी तक्रार केली. मुलाला फायमोसिसही होता आणि शस्त्रक्रिया गरजेची होती, असं रुग्णालयाचं म्हणणं. कोणाचं बरोबर ते चौकशीने ठरवावं. पण घरच्यांना समजेल अशा भाषेत आधी सांगितलं गेलं, सही घेतली गेली, तर असा वाद उभाच राहत नाही. मोठ्यांच्या बाबतीत आपण एवढं मानतो. मग ज्याच्या अंगावर शस्त्र चालणार, त्या पोराचं काय?’

सर यावर पटकन बोलत नाहीत. आपल्या पिढीची सुंता त्यांना आठवते. नवे कपडे, गळ्यात हार, दुल्ह्यासारखी मिरवणूक, अंगणात जमलेले नातेवाईक आणि वस्तरा घेऊन बसलेला खलिफा. ‘वर बघ, चिमणी!’ म्हणताच पोरगं वर बघायचं आणि तेवढ्यात काम उरकायचं. रक्त थांबवायला जाळलेल्या कापडाची राख. भूल नाही, टाका नाही.

‘ते मला नकोच आहे,’ सर ठामपणे सांगतात. ‘नातवाचं थिएटरमध्येच होईल. मशिदीतही मी हेच सांगतो. सुन्नत खतन्याची आहे, गंजक्या वस्तऱ्याची नाही.’

‘मग थिएटरमध्ये काय होतं ते घरच्यांनाही समजावून सांगा,’ डॉक्टर म्हणतात आणि क्रमाने सांगू लागतात.

आधी दोन गोष्टी बघायच्या. लघवीचं छिद्र टोकावर आहे की खालच्या बाजूला? खाली असेल तर तो हायपोस्पेडियास, आणि तेव्हा सुंता अजिबात करायची नाही, कारण दुरुस्तीच्या ऑपरेशनला हीच कातडी लागते. दुसरं, घरात कोणाचं रक्त थांबत नाही असं कधी झालंय का? दात काढल्यावर, पडल्यावर, मामाला, भावाला? हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो. हे शहाणपण जुनं आहे. सुंतेनंतर दोन भाऊ रक्तस्रावाने गेले तर तिसऱ्याची करू नये, असा निर्णय ज्यूंच्या तालमूद ग्रंथात आहे.

लहान मुलाला पूर्ण भूल देतात, जोडीला कमरेखालचा भाग बधिर करणारं इंजेक्शन. त्यासाठी सहा तास जेवण नाही आणि शेवटचे दोन तास पाणीही नाही. मोठ्या माणसाला लिंगाच्या मुळाशी लिग्नोकेनचं इंजेक्शन पुरतं. कातडी आतून मोकळी करतात, किती काढायची त्याची खूण करतात, बाहेरचा आणि आतला थर कापतात, खालच्या बाजूच्या शीर-बंधाजवळची बारीक रक्तवाहिनी नीट बांधतात आणि आपोआप विरघळणारे टाके घालतात. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. तान्ह्या बाळांसाठी प्लास्टिकची रिंग मिळते, ती साधारण आठवड्याभरात गळून पडते. मोठ्यांसाठी हल्ली स्टेपलर वापरतात. जाहिरातीतल्या ‘लेझर’ या शब्दाला भुलण्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात: करणार कोण, भूल कोणती आणि रात्री रक्त आलं तर फोन कोण उचलणार?

पहिले दोन दिवस दुखतं, पॅरासिटामॉल वेळेवर द्यायचं. पट्टी एक-दोन दिवसांत निघते. टोकावर पिवळसर थर दिसला की आया पू समजून घाबरतात, पण तो भरत्या जखमेचा थर असतो, खरवडायचा नाही. कापडाला चिकटू नये म्हणून व्हॅसलिन लावायचं आणि सैल लुंगी किंवा मोठी चड्डी घालायची. मूल आठवडा-दहा दिवसांत सावरतं, सायकल आणि उड्या दोन-तीन आठवडे बंद. टाके दोन-तीन आठवड्यांत विरघळतात. मोठ्यांना रात्रीच्या ताठरतेने टाके ओढल्यासारखे होतात, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. संबंध सहा आठवडे नाहीत. दहा मिनिटं दाबून धरल्यावरही रक्त थांबत नसेल, आठ-दहा तास लघवी झाली नसेल, ताप आला किंवा टोक काळवंडलं, तर परत यायचं. काही महिन्यांनी लघवीची धार बारीक होऊन वर उडू लागली, तर छिद्र आकसलं असण्याची शक्यता असते. तेव्हाही दाखवायचं.

‘आणि तो प्रश्न? जो विचारायला सगळे लाजतात?’ सर विचारतात.

‘सुखात फरक पडतो का, हाच ना? कातडीत संवेदना असतात, ती जाते, हे विरोधकांचं म्हणणं खोटं नाही. पण किसुमू आणि राकाईच्या प्रयोगांत दोन वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा सुंता झालेल्या आणि न झालेल्या पुरुषांच्या लैंगिक क्षमतेत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ते पुरुष प्रौढ होते आणि स्वतःहून आलेले होते, एवढं मात्र ध्यानात ठेवायचं. भेगांनी हैराण झालेल्या माणसाला तर बरंच वाटतं. दोन वर्षं बायकोजवळ न गेलेला माणूस ते कोणाला सांगत नाही.’

चार दिवसांनी सर शेतकऱ्याच्या घरी जाऊन येतात. बोलणं झालं, पण त्याची एक अट आहे: सोयाबीन निघेपर्यंत नाही. डॉक्टरांना ते चालतं, कारण साखर आटोक्यात आणायला तेवढा वेळ लागणारच आहे. तोवर बुरशीचं मलम, रोज कोमट पाण्याने धुणं आणि त्याची मधुमेहाची गोळी बदलायची का, यावर त्याच्या फिजिशियनशी बोलणं. मात्र कातडीखाली न भरणारी जखम किंवा गाठ हाताला लागली, तर सोयाबीनची वाट पाहायची नाही, लगेच तुकडा तपासणीला पाठवायचा. साडेतीन वर्षांच्या पोराला मलम सुरू झालं आहे आणि सहा आठवड्यांनी त्याला पुन्हा दाखवायचं आहे.

नातवाच्या वयावर दोघांचं एकमत झालेलं नाही. सरांनी आपला बेत बदललेला नाही आणि डॉक्टरांनी ‘मोठा झाल्यावर विचारा’ हे मागे घेतलेलं नाही. सरांनी मात्र सुनेच्या माहेरी फोन करून मामांची आणि आजोबांची चौकशी केली आहे. दात काढल्यावर एका मामाचं रक्त दोन दिवस थांबलं नव्हतं, असं निघालं. डॉक्टरांनी रक्त गोठण्याच्या तपासण्या आणि फॅक्टरची पातळी लिहून दिली आहे. अहवाल येईपर्यंत तारीख कोरी आहे.